तुसातली सिलिका आणि विद्यापीठाचं नाव : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

नॅनोपदार्थांवर, म्हणजे नॅनोमीटरमध्ये (मीटरच्या अब्जाव्या भागात) मोजायच्या कणांच्या पदार्थांवर, प्रश्न पाठवा असं आम्ही गेल्या अंकात म्हटलं होतं. पत्रं मुख्यतः विदर्भातल्या धानाच्या आणि कापसाच्या पट्ट्यातल्या महाविद्यालयांतून आली. एक पत्र शेतकऱ्याचं आहे आणि खरं तर तेच सगळ्यांत नेमकं आहे. काही प्रश्न थोडे आखडून छापले आहेत.

आमच्या संस्थेनं संशोधनासाठी ४० लाख रुपये बाजूला काढले आहेत. नॅनो क्षेत्रात महाविद्यालयाचं आणि पर्यायानं विद्यापीठाचं नाव व्हावं अशी संचालकांची इच्छा आहे. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप घ्यावा असं ठरत आलंय. योग्य होईल का?
— प्राचार्य, गडचिरोली जिल्हा

घेऊ नका. विकत घेतल्यावर या यंत्राचा खरा खर्च सुरू होतो. व्हॅक्यूम पंप, चोवीस तास एसी, स्थिर दाबाची वीज, ती गेली तर यूपीएस, दरवर्षीचा देखभाल करार, आणि हे सगळं सांभाळणारा पगारी माणूस. उद्घाटनाच्या दिवशी फोटो छान येतो. पण फिलामेंट उडालं आणि बदलायला निधी नसला, की यंत्रावर कापड चढतं ते चढतंच. शिवाय तुमच्या यंत्राचा फोटो पाहून कुणी तुमचा शोधनिबंध वाचणार नाही. तेच यंत्र हजार जणांकडे आहे.

पैसे पायावर घाला. ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा तराजू, काचेचं दुहेरी ऊर्ध्वपातन यंत्र, तापमान टप्प्याटप्प्यानं चढवता येईल अशी मफल भट्टी, दहा हजार फेऱ्यांचा सेंट्रिफ्यूज, चांगला पीएच मीटर, ओव्हन, अल्ट्रासॉनिक बाथ, डबल बीम यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि धूर ओढणारं कपाट, म्हणजे फ्यूम हूड. शेवटची वस्तू यादीतून नेहमी कापली जाते. ती कापू नका. एवढं घेतल्यावर जे उरेल ते नमुने बाहेर तपासून घेण्यासाठी पाच वर्षांत वाटून ठेवा.

बाहेर म्हणजे कुठे? आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर देशभरातली यंत्रं, त्यांचे दर आणि नोंदणी एका जागी मिळते. मुंबई आयआयटीत बाहेरचे नमुने तपासून देणारं सैफ केंद्र आहे. इंदूरचं यूजीसी-डीएई संशोधन केंद्र विद्यापीठांतल्या संशोधकांसाठीच आहे. तिथे प्रस्ताव मंजूर झाला की मोठी यंत्रं वापरायला मिळतात. नागपुरात व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था आहे, नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे. संशोधनाला निधी देणाऱ्या पूर्वीच्या एसईआरबी या केंद्रीय मंडळाची जागा आता एएनआरएफनं घेतली आहे. तिच्या ‘पेअर’ योजनेत मोठ्या संस्थेला जोडून घेऊन राज्य विद्यापीठांना काम करता येतं. एकट्या महाविद्यालयानं धडपडण्यापेक्षा विद्यापीठाच्या विभागाला पुढे करून त्यात शिरा.

आता नावाचं. मद्रास आयआयटीतले थलप्पिल प्रदीप यांचं उदाहरण बघा. सोन्या-चांदीच्या नॅनोकणांनी पाण्यातली कीटकनाशकं काढण्यापासून त्यांनी सुरुवात केली, पुढे आर्सेनिककडे वळले, पण पाणी सोडलं नाही. तुमच्या जिल्ह्यात काय आहे? धान आहे, राईस मिल आहेत, मिलमागे तुसाचे ढीग आहेत. एकच पदार्थ धरा आणि दहा वर्षं सोडू नका. यंदा ग्राफीन, पुढच्या वर्षी पेरोव्हस्काइट असं ज्यांचं चालतं त्यांच्याकडे नमुना मागायला कुणी येत नाही.

धानाच्या तुसापासून नॅनोसिलिका (वाळूत असते त्या सिलिकेचे नॅनोकण) करतोय. कधी राख करडी येते, कधी काळी. एकदा पांढरी आली, तर एक्सआरडीत (क्ष-किरणांच्या तपासणीत) टोकदार शिखरं दिसली. मार्गदर्शक म्हणतात सिलिका अस्फटिक (अणूंची ठरावीक रांग नसलेली) हवी. कुठे चुकतंय?
— पीएच.डी. विद्यार्थिनी, गोंदिया जिल्हा

तुमच्या पत्रात तीन वेगळे दोष आहेत. एकेक घेऊ.

आधी कच्चा माल. मिलवाल्याला तूस मागा, कोंडा नव्हे. कोंड्यात तेल असतं आणि तो तुमच्या कामाचा नाही. मिलच्या बॉयलरची तयार राखही घेऊ नका. तिचं तापमान कुणी मोजलेलं नसतं, कोळसा राहिलेला असतो आणि मातीही मिसळलेली असते. धानाचा वाण, गाव आणि हंगाम वहीत लिहा. पुढे याच नोंदी कामाला येतात.

काळेपणाचं कारण पोटॅशियम. तुसात ते असतंच. भट्टी तापली की त्याच्यामुळे सिलिकाचा पृष्ठभाग कमी तापमानालाच मऊ होतो आणि न जळलेला कार्बन आत कोंडला जातो. एकदा कोंडला की त्याच्यापर्यंत हवा पोचत नाही. तीच राख पुन्हा दहा तास भाजली तरी ती करडीच राहील. म्हणून आम्लाची धुलाई जाळण्याच्या आधी व्हायला हवी. बरेच जण आधी जाळून मग राख धुतात, आणि गोंधळ तिथेच होतो.

पद्धत अशी. ५० ग्रॅम तूस नळाच्या पाण्यानं तीन-चारदा धुवा म्हणजे माती जाईल, मग वाळवा. ५०० मिली पाण्यात संहत हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे ४३ मिली घालून साधारण एक नॉर्मल द्रावण करा. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. त्यात तूस ९० अंशांवर दोन तास ठेवा, अधूनमधून ढवळा, फ्यूम हूडमध्येच. गाळून ऊर्ध्वपातित पाण्यानं पीएच उदासीन होईपर्यंत धुवा आणि ११० अंशांवर रात्रभर वाळवा. मग चिनी मातीच्या पसरट बशीत दोन सेंटिमीटरपेक्षा जाड थर न करता मिनिटाला ५ अंश या वेगानं ६०० ते ६५० अंशांपर्यंत न्या आणि चार तास ठेवा. भट्टीत हवा खेळती हवी. सगळी फट बंद केली तर तूस जळत नाही, त्याचा कोळसा होतो. खोल मुशीत तूस दाबून भरलं तर वर पांढरं आणि खाली काळं असा केक निघतो. ५० ग्रॅममागे ९ ग्रॅमच्या आसपास पांढरी राख मिळाली तर काम बरोबर चाललंय.

आता टोकदार शिखरं. ८०० अंशांच्या वर गेलं की अस्फटिक सिलिका क्रिस्टोबलाइट या स्फटिक रूपाकडे झुकते, आणि पोटॅशियम उरलं असेल तर त्याआधीच. तुम्ही लिहिलंय की भट्टी ६५० वर होती. ती खरंच ६५० वर होती का? भट्टीचं तापमान मोजणाऱ्या जुन्या थर्मोकपलवर विसंबू नका. सोपी तपासणी आहे. प्रयोगशाळेतलं शुद्ध सोडियम क्लोराइड ८०१ अंशांना वितळतं. चिमूटभर एका मुशीत ठेवून भट्टी ७८० वर अर्धा तास चालवा. मीठ वितळलं तर भट्टी दाखवते त्याहून किमान वीस अंश जास्त तापतेय. न वितळलं तर ८२० वर पुन्हा बघा. तिथेही दाणे तसेच राहिले तर चूक उलट्या बाजूची आहे. अस्फटिक सिलिकेचा एक्सआरडी म्हणजे आलेखात २२ अंश कोनाभोवतीचा एक रुंद उंचवटा. शिखर नाही.

शिखरं ३१.७ आणि ४५.५ अंशांजवळ असतील तर मात्र ती सिलिकेची नाहीतच. ते मीठ आहे. राख सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून पुन्हा साकळवणाऱ्यांच्या वाट्याला ते हमखास येतं. १० ग्रॅम राखेला २.५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचे ८० मिली लागतात असं धरा. त्यात ८ ग्रॅम हायड्रॉक्साइड गेलं. हायड्रोक्लोरिक आम्लानं पीएच ७ वर आणलंत की ११.७ ग्रॅम मीठ तयार होतं, म्हणजे सिलिकेपेक्षा जास्तच. दोनदा धुऊन ते जात नाही. जेल अठरा-वीस तास मुरू द्या, मग फोडून गरम ऊर्ध्वपातित पाण्यानं धुवत राहा आणि प्रत्येक वेळी धुवणाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. दुधाळपणा येणं थांबलं की थांबा. राख विरघळवण्यासाठी हायड्रॉक्साइड काचेच्या चंचुपात्रात उकळू नका. उकळतं हायड्रॉक्साइड काचेतली सिलिका खातं आणि ती तुमच्या उताऱ्यात मिसळते. पॉलिप्रॉपिलीनचं झाकणाचं भांडं वॉटर बाथवर ठेवा.

एक सूचना वाळवण्याबद्दल. पाण्यातलं जेल सरळ ओव्हनमध्ये टाकलं तर पाणी उडताना कण एकमेकांकडे ओढले जातात आणि दगडासारखा गठ्ठा होतो. शेवटची दोन धुणी इथेनॉलची दिली तर पूड मोकळी येते. बीईटी पृष्ठफळात, म्हणजे वायू चिकटवून मोजलेल्या एका ग्रॅमच्या पृष्ठभागात, फरक स्पष्ट दिसतो.

यात नवीन काय, असं परीक्षक विचारतील, आणि त्यांचं बरोबर आहे. तुसापासून सिलिका ही जुनी गोष्ट झाली. पण वेगवेगळ्या गावांतून आणलेल्या तुसाच्या, प्रत्येकी तीन स्वतंत्र खेपांच्या शुद्धतेचे, पृष्ठफळाचे आणि राहिलेल्या पोटॅशियमचे आकडे, ते किती कमीजास्त असू शकतात त्यासह, मांडलेत तर तो तक्ता दुसऱ्या प्रयोगशाळांना वापरता येईल. त्यापुढची पायरी म्हणजे १०-१० ग्रॅमच्या बाटल्या खेप क्रमांक आणि माहितीपत्रकासह मागेल त्या विभागाला पाठवणं. पाठवलेला पदार्थ दुसऱ्याच्या टेबलावर तसाच वागला तर तुमच्या विद्यापीठाचं नाव त्याच्या निबंधात आपोआप येतं.

झिंक ऑक्साइडचा कणांचा आकार शेरर सूत्रानं १८.५७३ नॅनोमीटर आला. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) २०० नॅनोमीटरचे गोळे दिसतात. कोणता खरा धरायचा?
— एम.एस्सी. विद्यार्थी, चंद्रपूर जिल्हा

दोन्ही. शेरर सूत्र एक्सआरडीतल्या शिखराच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार देतं, म्हणजे ज्यात अणूंची रांग अखंड आहे तेवढा तुकडा. एसईएमला दिसतो तो असे अनेक तुकडे चिकटून झालेला गोळा. भिंत पाहून विटेचं माप सांगू नये.

पण १८.५७३ मधले शेवटचे दोन आकडे खोडा. तुमचं शिखर ३६.२५ अंशांवर आणि अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.४५ अंश आहे. रुंदी रेडियनमध्ये ०.००७८५, कोन अर्धा म्हणजे १८.१३, त्याचा कोसाइन ०.९५०, तरंगलांबी ०.१५४०६ नॅनोमीटर आणि स्थिरांक ०.९. उत्तर सुमारे १८.६. यात यंत्राची स्वतःची रुंदी धरलेलीच नाही. ती ०.१२ अंश असेल तर वर्गांची वजाबाकी करून उत्तर १९.३ होतं. म्हणजे ‘सुमारे १९ नॅनोमीटर’ एवढंच म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. रेडियन करायला विसरलात तर ०.३२ येतं, जे झिंक ऑक्साइडच्या एकक कोशिकेच्या उंचीपेक्षाही कमी. कोन अर्धा करायला विसरलात तर जवळपास २२ येतं. ही चूक जास्त वाईट, कारण उत्तर पटण्यासारखं दिसतं आणि छापून जातं.

तिसरी तपासणी फुकट होते. बीईटी पृष्ठफळ ग्रॅमला ३० चौरस मीटर असेल तर ६००० ला ५.६ (झिंक ऑक्साइडची घनता) गुणिले ३० नं भागा. ३६ नॅनोमीटर आले. म्हणजे काही स्फटिक नीट चिकटलेले आहेत आणि २०० चे गोळे सैल आहेत. निबंधात तिन्ही आकडे द्या आणि फरक का आहे ते दोन वाक्यांत लिहा. टीईएम (कणांच्या आरपार पाहणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) केलंत तर किमान दोनशे कण मोजून आलेख काढा. एका देखण्या कणाचा फोटो म्हणजे मोजमाप नव्हे.

पळसाच्या पानांच्या अर्कानं चांदीचे नॅनोकण करताना द्रावण तपकिरी व्हायच्या ऐवजी दुधासारखं पांढरं होतं.
— बी.एस्सी. तृतीय वर्ष, वाशीम जिल्हा

पाणी बोअरचं किंवा आरओचं असेल. त्यातल्या क्लोराइडमुळे सिल्व्हर क्लोराइड बनतंय. ऊर्ध्वपातित पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकून बघा. तेही गढूळ झालं तर तुमचं ऊर्ध्वपातन यंत्र धुवायला झालंय. आणि १०० मिलीला १७ मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट थेट मोजू नका, साध्या तराजूवर ती चूक फार मोठी होते. १७० मिलिग्रॅमचं द्रावण करून दहापट पातळ करा, गडद बाटलीत ठेवा. तपकिरी रंग आल्यावर स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या आलेखात ४२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास शिखर शोधा. खोलीचं तापमानही लिहा. मे महिन्यात तुमच्याकडची ‘खोली’ ४२ अंशांची असते, आणि त्या वेगानं झालेली अभिक्रिया डिसेंबरात तशी होत नाही. निबंधाचं म्हणाल तर पानं बदलून चांदी करण्याचे निबंध पोत्यानं पडलेत. शिकण्यासाठी करा, छापण्यासाठी नको.

सात दिवसांत छापून देतो असे ईमेल रोज येतात. पदोन्नतीसाठी संख्या लागते. विद्यापीठाच्या मानांकनालाही त्यानं मदत होईल ना?
— सहायक प्राध्यापक, अमरावती जिल्हा

नाही होणार. एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारचं संस्थांचं मानांकन, शोधनिबंधांचे आकडे स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या डेटाबेसमधून घेतं. सात दिवसवाली बहुतेक नियतकालिकं तिथे नसतात, आणि असली तर फार दिवस टिकत नाहीत. यूजीसीनं मान्य नियतकालिकांची केअर यादीही २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता तुमच्याच गळ्यात आहे. संपादक मंडळातल्या दोघांना पत्र लिहून खरंच तिथे आहात का, असं विचारा. उत्तर पुष्कळ काही सांगून जातं. पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्तीही यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही. विद्यार्थ्याला घाई करायला लावण्याचं ते कारणही उरलं नाही.

मानांकनाचं नुकसान होतं ते एका साध्या चुकीनं, आणि ती रोज घडते. विद्यापीठाचं नाव प्रत्येक जण वेगळं लिहितो. कुणी संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ पूर्ण लिहितो, कुणी आद्याक्षरं, कुणी नुसतं महाविद्यालयाचं नाव आणि गाव. डेटाबेसमध्ये या तीन वेगळ्या संस्था ठरतात आणि निबंध विखुरतात. विद्यापीठानं एक अधिकृत इंग्रजी लेखन ठरवून सगळ्या संलग्न महाविद्यालयांना परिपत्रकानं कळवावं. प्रत्येक लेखकानं ओआरसीआयडी हा संशोधकाची कायमची ओळख असलेला क्रमांक घ्यावा, तो मोफत आहे. ग्रंथपालाला वर्षातून दोनदा स्कोपसमधली विखुरलेली नावं एकत्र करण्याची विनंती पाठवायला सांगा. एका पैशाचा खर्च नाही, आणि मायक्रोस्कोपपेक्षा जास्त फायदा.

दुसरी गोष्ट मूळ नोंदींची. एक्सआरडीची मूळ फाइल आणि एसईएमचा मापपट्टीसह मूळ फोटो विद्यार्थ्याच्या पेन ड्राइव्हवर राहतात, आणि विद्यार्थी निघून जातो. चार वर्षांनी कुणी दाखवलं की तुमच्या दोन निबंधांत एकच फोटो दोन वेगळ्या नमुन्यांचा म्हणून छापलाय, तेव्हा मूळ फाइल नसली तर खुलासा करता येत नाही आणि निबंध माघारी जातो. बहुतेक वेळा लबाडी नसतेच. फाइलचं नाव ‘नमुना नवा २’ असं असतं, एवढंच. नावात तारीख, खेप आणि तापमान घाला, प्रत विभागाच्या संगणकावर ठेवा आणि निबंधासोबत झेनोडोसारख्या मोफत संग्रहात टाका.

आमच्या गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड हाय, पोराईचे दात पिवळे पडले. कॉलेजातले पोट्टे येऊन सांगून गेले का नॅनोचं फिल्टर बसवून देतो. भरोसा ठेवावा का?
— शेतकरी, यवतमाळ जिल्हा

भाऊ, पोरांना हाकलू नका, पण बसवून घेण्याआधी चार गोष्टी विचारा.

पहिली, तपासणी कोणत्या पाण्यावर केली? प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातित पाण्यात सोडियम फ्लोराइड टाकून केलेली चाचणी नेहमी सुंदर येते. तुमच्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं, पीएच चढा असतो, आणि ते फ्लोराइडची जागा अडवतं. तुमच्याच बोअरचं पाणी नेऊन आकडा आणा म्हणावं.

दुसरी, किती दिवस चालेल? हिशोब तुम्हीही करू शकता. समजा त्यांचा पदार्थ एका ग्रॅमला २ मिलिग्रॅम फ्लोराइड धरतो. पाण्यात लिटरला ४ मिलिग्रॅम आहे आणि ते १ वर आणायचंय, म्हणजे लिटरमागे ३ काढायचे. एक किलो पदार्थ साधारण ६६० लिटर पाणी देईल. पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज २० लिटर लागलं तर महिनाभर. खऱ्या पाण्यात पकड निम्मी झाली तर पंधरा दिवस. त्यानंतर फिल्टरमधून पाणी येतच राहील, चवीत फरक नसेल, आणि फ्लोराइड मात्र पहिल्यासारखंच असेल.

तिसरी, पदार्थ ॲल्युमिनियमचा असेल तर निघालेल्या पाण्यात ॲल्युमिनियम किती उतरतं? भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरला ०.०३ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ०.२. फ्लोराइडची १, आणि तशाच अडचणीत १.५. चौथी, दर आठवड्याला पाणी कोण तपासणार आणि वापरलेला माल कुठे टाकणार? शेतात तर नाही ना?

उत्तरं लेखी मिळाली तर एका अंगणवाडीत बसवून घ्या आणि आकड्यांची वही तिथेच खिळ्याला टांगा. महाविद्यालयालाही त्यात फायदा आहे. सहा महिने चाललेल्या एका फिल्टरची, बिघाडासकटची वही छापण्यालायक असते.

तोवर पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. कँडलच्या फिल्टरनंही जात नाही, आरओनं जातं. नीरीची तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत जुनी असली तरी चालते, फक्त मात्रा पाणी तपासूनच ठरवावी लागते. गावात उथळ विहीर असेल तर तिचं पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून वेगळं तपासून घ्या, बोअरपेक्षा बरं निघू शकतं. ज्यांचे कायमचे दात अजून हिरडीत तयार होतायत त्या लहान पोरांना आधी चांगलं पाणी द्या. आलेले डाग धुवून जात नाहीत.

भट्टीतून काढताना सिलिकेची पूड फरशीवर सांडते. झाडूनं गोळा करून परत वापरली तर चालेल का?
— प्रयोगशाळा परिचर, भंडारा जिल्हा

परत वापरू नका आणि झाडूही लावू नका. झाडूनं ती हवेत उडते. पंखा बंद करा, ओल्या फडक्यानं टिपा, फडकं पिशवीत बांधून वेगळं टाका. कापडी रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क घाला. चुकून ९०० अंशांवर गेलेली खेप असेल तर जास्तच जपा. स्फटिक सिलिकेची बारीक धूळ फुफ्फुसाला धरते, दगडखाणीतल्या कामगारांना होतो तोच आजार. त्या बाटलीवर लाल पट्टी लावून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीचा विद्यार्थी ती अस्फटिक समजून उचलणार नाही.